मित्राने पतसंस्थेतील ठेवींचा अपहार केला आहे; पोलिसांना कळवावे का?

पूर्णाकाठ (परभणी जिल्हा) – प्रश्न

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. एका प्रश्नामुळे सध्या माझे वर्गातही लक्ष लागत नाही आणि घरात त्याविषयी मोकळेपणाने बोलताही येत नाही, म्हणून तो इथे मांडतो आहे. गाव, संस्था आणि माणसे यांची नावे मी दिलेली नाहीत. कृपया कोणी ती विचारू नयेत.

माझा एक मित्र तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. आम्ही एकाच गावचे आणि पहिलीपासून एकाच वर्गातले. महाविद्यालयाची वर्षे आम्ही औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, भाड्याच्या एकाच खोलीत काढली. माझे वडील घाटी रुग्णालयात दाखल होते तेव्हा रात्रपाळी करावी तसा तो त्यांच्या खाटेजवळ बसत असे, आणि ते गेल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत आमच्या घरचा किराणा त्याने भरला, त्याचा हिशेब त्याने आजवर मागितलेला नाही. आमच्यातले नाते किती जुने आहे हे कळल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही, म्हणून हे सांगितले.

सोयाबीनचे पैसे लोकांच्या हाती आले, त्या सुमारास तो एका रात्री घरी आला आणि बराच वेळ गप्प बसून मग बोलला. ठेवीदाराकडून रोख रक्कम घ्यायची, संस्थेच्या छापील पुस्तकातली पावती त्याला द्यायची, मात्र संगणकात त्या ठेवीची नोंदच करायची नाही, असे तो गेली काही वर्षे करत आला आहे. ज्यांची मुदत संपते त्यांचे पैसे तो नव्या ठेवींतून देतो, त्यामुळे आजवर कोणी तक्रार केलेली नाही. काढलेली रक्कम त्याने शेअर बाजारात, ऑप्शनच्या व्यवहारात घातली आणि ती बुडाली. त्याच्या सांगण्यानुसार आकडा साठ लाखांच्या आसपास आहे. नोंद नसलेल्या ठेवीदारांमध्ये निवृत्त माणसे आहेत, बचत गटातल्या बायका आहेत, आणि कारखान्यावरून परतल्यावर हिशेब होऊन उरलेले पैसे लेकीच्या लग्नासाठी ठेवणारी ऊसतोडणीची कुटुंबेही आहेत. त्यांतल्या काहींची मुले माझ्या शाळेत शिकतात.

मार्चपर्यंत थांब, असे त्याचे म्हणणे आहे. बायपासजवळचा प्लॉट विकून आणि बाजारात पुन्हा काही कमावून तो सगळे भरून टाकणार आहे. माझ्या आईच्या नावाने त्याच संस्थेत चार लाखांची मुदत ठेव आहे, ती पावती नोंदीतली आहे की नाही हे विचारायचे मला धैर्य झाले नाही, परंतु निघताना तोच म्हणाला, "काकूंची पावती पुढच्या आठवड्यात मोडून घे, त्यांचे पैसे मी आधी देतो." शेवटी दारात उभा राहून तो असेही म्हणाला, की हे बाहेर आले तर माझे काही खरे नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी पोलिसांकडे जावे का? तसे करायला मी कायद्याने बांधलेला आहे का? मी गप्प राहिलो तर माझ्यावर काय येईल आणि बोललो तर त्याच्यावर काय येईल? आणि आईचे पैसे घ्यावेत का? तिने ते घरकाम करून आणि वडिलांच्या निवृत्तिवेतनातून साठवलेले आहेत.

बालाघाटचा वकील

गुरुजी, मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. आधी कायदा सांगतो आणि मग माझे मत देतो. यांतले कायदेशीर ते माझ्या अभ्यासातले आहे, मत मात्र माझे एकट्याचे आहे, एवढा फरक आपण ध्यानात ठेवावा.

दुसऱ्याचा गुन्हा कळला म्हणून प्रत्येक नागरिकाने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असे आपल्याकडचा कायदा म्हणत नाही. साधी चोरी, साधी फसवणूक यांची माहिती असूनही एखादा गप्प राहिला, तर केवळ त्या गप्प राहण्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३३ मध्ये काही गंभीर गुन्ह्यांची यादी दिलेली आहे, आणि त्यांपैकी एखादा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे त्याने, सबळ कारण नसेल तर, जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला ताबडतोब कळवावे, असे ते कलम सांगते. कारण सबळ होते हे सिद्ध करण्याची जबाबदारीही न कळवणाऱ्यावर, म्हणजे इथे आपल्यावर, टाकलेली आहे. त्या यादीत खून आहे, दरोडा आहे, बनावट नोटा आहेत, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६(५)सुद्धा आहे. लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा अभिकर्ता या नात्याने सोपवलेल्या पैशाचा अपहार करणे, हा तो गुन्हा. जुन्या भारतीय दंड संहितेतले कलम ४०९ ते हेच. पतसंस्थांच्या बहुतेक प्रकरणांत ते लावलेले आढळते आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत आहे. आपल्या मित्राचे जे व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचे असतील त्यांना जुनी संहिता लागू होईल आणि नंतरच्यांना नवी, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बदलत नाही. कळवण्यास बांधलेला माणूस जाणूनबुजून गप्प राहिला, तर न्याय संहितेच्या कलम २३९ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आईच्या पैशांचा प्रश्न मला याहून अधिक काळजीचा वाटतो. त्याच न्याय संहितेच्या कलम २५० मध्ये गुन्हा लपवण्याच्या मोबदल्यात काही स्वीकारणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात केवळ लाच येत नाही, तर स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी मालमत्ता परत मिळवणे हेही स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. म्हणजे पैसे आपल्या आईच्याच हक्काचे असले, तरी आपण गप्प बसावे म्हणून ते आधी मिळत असतील आणि आपण त्या समजुतीने घेतले, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा एवढी मोठी असताना आपल्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मित्राने हे वाक्य सरळ मनाने उच्चारले असेल, त्याविषयी मी शंका घेत नाही. तरीही ती पावती आत्ता मोडू नका.

आपण विचारले नाही तेही सांगतो. पती-पत्नीने एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना आणि अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे. मित्राला सांगितलेल्या गोष्टीला ते नाही. उद्या तपास सुरू झाला आणि आपल्याला जबाबासाठी बोलावले, तर आपल्याला खरे सांगावे लागेल. त्याने पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण आपल्यापुढे दिलेली कबुली न्यायालयासमोर येऊ शकते, जरी तिचे वजन न्यायालय जपून ठरवते. म्हणून या विषयावरचे त्याचे व्हॉट्सॲपवरचे संदेश असतील तर ते पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा पुन्हा वेगळा गुन्हा आहे.

आता माझे मत. त्याला आधी स्वतः जाण्याची संधी द्या, पण ती मार्चपर्यंतची नको, चार-आठ दिवसांची असावी. त्याने चांगला वकील करावा, लेखी निवेदन घेऊन जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या आर्थिक गुन्हे शाखेत जावे, आणि नोंद नसलेल्या पावत्यांची जेवढी जमेल तेवढी यादी सोबत द्यावी. स्वतः हजर होऊन, कागद देऊन, प्लॉट न विकता तो ठेवीदारांसाठी मोकळा ठेवणाऱ्या आरोपीकडे जामिनाच्या वेळी आणि शिक्षेच्या वेळी न्यायालय वेगळ्या दृष्टीने पाहते, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. तो गेला नाही, तर आपण जावे. बाजारात पुन्हा कमावून भरेन, या त्याच्या बोलण्यावर मात्र एक दिवसही विसंबू नये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे म्हटले आहे. साठ लाख भरून काढण्यासाठी तो जे पैसे पुन्हा तिथे घालील, ते या हंगामात सोयाबीन विकून आलेल्या कोणाचे तरी असतील.

आणि एक विनंती. यापुढे इथे अधिक तपशील लिहू नका. तालुका लहान असतो आणि माणसे जोडून पाहतात.

मांजराकाठचे काका

वकीलसाहेबांनी कायदा नेमका सांगितला आहे, त्याबद्दल वाद नाही. मी सहकार खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झालो. माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते मित्राला वाचवण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

गुरुजींजवळ आज एका माणसाचा शब्द आहे, तोही रात्री, घाबरलेल्या अवस्थेत उच्चारलेला. आकडा साठ लाखांचा आहे की दोन कोटींचा, त्यात तो एकटा आहे की रोखपाल, संचालक असे आणखी कोणी आहेत, हे गुरुजींना माहीत नाही, आणि कदाचित मित्रालाही ते नीट माहीत नसेल. अशा वेळी पोलीस शाखेत आले ही बातमी मोंढ्यावर पोहोचायला एक दुपारही लागत नाही, आणि मग ज्यांच्या ठेवी नोंदीत आहेत, सुरक्षित आहेत, तेही सगळे एकाच दिवशी पैसे मागायला दारात उभे राहतात. पतसंस्थेचा पैसा कर्जात गुंतलेला असतो. चांगली चाललेली संस्थासुद्धा तेवढी रोकड एका दिवसात उभी करू शकत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, हे आपल्या भागात फार थोड्या ठेवीदारांना ठाऊक असते. म्हणजे एका शाखेतल्या साठ लाखांसाठी पूर्ण संस्था बसू शकते आणि त्यात ज्यांचे काही गेलेले नव्हते त्यांचेही जाते. हे मी नोकरीत असताना घडताना पाहिले आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की मित्राला घेऊन आधी संस्थेच्या अध्यक्षांकडे जावे, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. निबंधकांना चाचणी लेखापरीक्षण लावता येते. लेखापरीक्षकाला अपहार आढळला तर गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ ने त्याच्यावरच टाकलेली आहे. त्या मार्गाने गेले तर पोलिसांच्या हाती कागद पडतात, केवळ ऐकीव बोलणे पडत नाही. केवळ अध्यक्षांना तोंडी सांगून मात्र थांबू नका. संस्थेची अब्रू जाईल, निवडणूक जवळ आली आहे, अशी कारणे सांगून आपसात मिटवण्याकडे त्यांचा कल असतो, आणि मग मित्राचा प्लॉट गुपचूप विकला जाऊन ज्याची ओळख मोठी त्याचे पैसे आधी निघतात.

त्या मुलाची बायको आणि लेकरे आहेत, हेही कोणीतरी लिहायला हवे होते, म्हणून लिहितो. त्यांनी काही केलेले नाही, आणि गावात पहिला दगड त्यांच्याच दारावर पडतो.

ठेवीदाराची लेक (बीड)

मांजराकाठच्या काकांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून मला दुसरी बाजू लिहायची आहे, कारण ती मी आमच्या घरात भोगलेली आहे.

माझे वडील एस.टी.मध्ये वाहक होते. निवृत्त झाल्यावर मिळालेली रक्कम त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली, कारण व्याज बँकेपेक्षा चांगले होते आणि शाखेतला माणूस ओळखीचा होता, घरी येऊन चहा घेणारा होता. संस्थेत काहीतरी बिघडले आहे हे आमच्या गल्लीत काही लोकांना आधीपासून माहीत होते, हे आम्हाला शाखेला कुलूप लागल्यावर कळले. कोणाचा भाऊ संचालक होता, कोणाचा साडू लेखनिक होता. त्या सगळ्यांनी आपापल्या पावत्या शांतपणे मोडून घेतल्या होत्या. त्यांतले एक गृहस्थ रोज सकाळी वडिलांबरोबर फिरायला जात असत, आणि ज्या महिन्यात त्यांनी स्वतःचे पैसे काढले त्याच महिन्यात माझ्या वडिलांनी त्याच शाखेत आणखी एक ठेव ठेवली. फिरताना वडिलांनी ती गोष्ट त्यांना आनंदाने सांगितलीही होती. ते काही बोलले नाहीत.

नंतर गुन्हा नोंद झाला, एमपीआयडी म्हणतात तो ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा लागला, मालमत्ता जप्त होण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्या कायद्यात संस्थेची आणि ती चालवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना पैसे देण्याची सोय आहे. पण जप्त करायला मालमत्ता शिल्लक असावी लागते. आमच्या प्रकरणात कुलूप लागण्याआधीच जमिनी नातेवाइकांच्या नावावर झालेल्या होत्या, आणि त्या परत मिळवण्याचे खटले अजून चालू आहेत. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आम्ही कर्ज काढून केली. आई आजही त्या पावत्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्यात ठेवते.

म्हणून गुरुजी, मला आपल्याला एवढेच विचारायचे आहे, की आज शाखेत कोण येत आहे? सोयाबीनचे पैसे घेऊन, आणि पुढच्या महिन्यात कापसाचे पैसे घेऊन, आपल्या मित्राच्या टेबलासमोर जो माणूस बसेल, त्याला पावती मिळेल आणि त्याची नोंद होणार नाही. मार्चपर्यंत थांबणे म्हणजे तेवढ्या नव्या माणसांना त्यात ओढणे आहे. संस्थेवर झुंबड पडेल ही काकांची भीती खरी आहे, पण ती आज पडली तर साठ लाखांसाठी पडेल आणि मार्चनंतर पडली तर किती लाखांसाठी पडेल, ते कोणीच सांगू शकत नाही.

आपल्या मित्राने आपल्या वडिलांची सेवा केली, ती खरी आहे, आणि आजच्या गोष्टीने ती खोटी ठरत नाही. त्याच्यासाठी वकील शोधा, त्याच्या लेकरांच्या शाळेची फी भरा, जामिनासाठी उभे राहा, तुरुंगात भेटायला जा. मैत्री म्हणून त्याच्यासाठी जे काही करता येईल ते करा. परंतु आमच्यासारख्यांच्या पावत्यांवर ती मैत्री निभावू नका.

समुपदेशक, नांदेड

वरच्या चर्चेत एक वाक्य मागे पडले आहे असे मला वाटते. बाहेर आले तर माझे काही खरे नाही, असे जो माणूस दारात उभा राहून म्हणतो, त्याचे बोलणे गंभीरपणेच घ्यावे, तो तसे काही करणार नाही अशी स्वतःची समजूत घालू नये. त्याला सरळ विचारा, की जिवाचे काही बरेवाईट करण्याचे मनात येते का? विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेक माणसांना कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. त्याची पत्नी, भाऊ किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा एक जण यात आणा. तक्रार होण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत त्याला एकटे राहू देऊ नका, आणि घरात फवारणीची औषधे असतील तर ती तिथून हलवायला सांगा. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आपल्यालाही हे ओझे झेपत नसेल, तर आपणही तिथे बोलू शकता.

मात्र या भीतीमुळे तक्रार लांबवू नका, असेही मी सांगेन. तो आज ज्या गुपितासह झोपायचा प्रयत्न करतो आहे, ते गुपितच त्याला खात आहे, आणि म्हणूनच तो आपल्याकडे आला असावा.

पूर्णाकाठ (परभणी जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेले मी पुन्हा पुन्हा वाचले आणि त्यातले काही आईलाही वाचून दाखवले. तिला मी आधी काहीच सांगितले नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की तो आपल्याला देणार ते पैसे कुणाच्या पावतीचे असतील. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पावती मोडायची नाही, असे तिनेच ठरवले.

काल मी मित्राला भेटलो. शाळेतल्या गोष्टींपासून सुरुवात झाली आणि मग मी त्याला सरळ सांगितले, की मी मार्चपर्यंत गप्प राहू शकत नाही. समुपदेशक ताईंनी सांगितल्याप्रमाणे तो प्रश्नही विचारला. त्याने होय म्हटले आणि तो रडला. त्यानंतर मी त्याच्या थोरल्या भावाला बोलावून घेतले आणि वहिनींनाही, म्हणजे मित्राच्या पत्नीलाही, सांगितले. वहिनी माझ्यावर फार रागावल्या आणि त्यांचा तो राग मला समजतो. भाऊ आता त्याच्या घरीच मुक्कामाला आहे. नवीन ठेव घ्यायची नाही, हे मित्राने आमच्या दोघांसमोर कबूल केले आणि आजारपणाची रजा टाकली आहे. पावत्यांची यादी तो स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आकडा साठ लाखांच्या पुढे जाईल असे दिसते. सोमवारी वकिलांना घेऊन तो आर्थिक गुन्हे शाखेत जाणार आहे, असे ठरले आहे. तो गेला नाही तर मंगळवारी आई आणि मी जाणार, हेही मी त्याला तोंडावर सांगितले आहे.

काकांनी सुचवल्याप्रमाणे निबंधक कार्यालयात अर्ज देण्याचीही माझी तयारी आहे, पण तो आधी द्यावा की पोलिसांकडे गेल्यावर, हे कळत नाही. तसेच तक्रार करण्याची वेळ आलीच, तर ती आईच्या नावाने असावी की माझ्या? आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मित्राच्या ओळखीची माणसे आहेत, त्याचे काय करावे?

बालाघाटचा वकील

गुरुजी, निबंधकांकडचा अर्ज आणि पोलिसांकडची माहिती एकाच दिवशी द्या, म्हणजे एका कार्यालयाने दुसऱ्याची वाट पाहण्याचा प्रश्न उरणार नाही. लेखापरीक्षकानेच फिर्याद दिली पाहिजे असे काही नाही. सहकारी संस्थेतल्या अपहाराची माहिती अन्य कोणीही पोलिसांना देऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे.

फिर्याद आईंच्या नावाने असावी, कारण त्या ठेवीदार आहेत, आणि आपला जबाब साक्षीदार म्हणून व्हावा. आईंची ठेव नोंदीतली निघाली, तर मात्र फिर्याद आपण द्यावी. तालुक्याच्या ठाण्यातच जायला हवे असे बंधन नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि ते ठाणे ती योग्य ठिकाणी पाठवते. घेण्यास नकार मिळाला, तर तीच माहिती लेखी स्वरूपात नोंदणीकृत टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि त्यानेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आर्थिक प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस प्राथमिक चौकशी करू शकतात, त्यामुळे थोडा वेळ गेला तर घाबरू नका, पण दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच मागा.

जाताना मूळ पावती, पासबुक आणि आईंचे ओळखपत्र सोबत ठेवा, आणि तिन्हींच्या दोन-दोन छायांकित प्रती काढून न्या. मूळ पावती तपासासाठी मागितली तर पंचनामा झाल्याशिवाय किंवा लेखी पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. गुन्हा नोंद झाल्यावर प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती त्याच वेळी मागून घ्या. मित्राला वकिलाची फी परवडणार नसेल, तर त्याच्या भावाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा. १५१०० या क्रमांकावर त्याची माहिती मिळेल. तिथे अर्ज सोमवारच्या आत गेलेला बरा.